माळ्यावरचं कार्ड कशाचं?

प्रश्न: काकांच्या माळ्यावर जुन्या कॉम्प्युटरचं एक हिरवं कार्ड सापडलंय, २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं पण माळा वाचला म्हणून हे राहिलं. कंपनीचं नाव कुठंच नाही, एका लांब चिपवर झेड८० आणि खाली ८२३१ लिहिलंय. भंगारवाला वीस रुपये म्हणतोय, देऊ का? फोटो पाठवलाय. – एक वाचक, सांगली

उत्तर: अहो थांबा, वीस रुपयात कुठं देताय! असल्या कार्डाची ओळख खालच्या सोनेरी पट्ट्यांवरून होते, एका बाजूला ३१ असल्या तर सहसा जुन्या आयबीएम पीसीचं, २५ असल्या तर बहुतेक ॲपल टू या ॲपलच्या जुन्या कॉम्प्युटरचं. तुमच्या फोटोत २५ आहेत, चष्मा लावून दोनदा मोजल्यात. आता ॲपल टू चा स्वतःचा प्रोसेसर ६५०२, मग वर झेड८० हा दुसरा प्रोसेसर कशाला? तर सीपी/एम ही झेड८० वर चालणारी त्या काळची ऑपरेटिंग सिस्टीम चालवायला, मायक्रोसॉफ्टनं १९८० मध्ये असलंच सॉफ्टकार्ड काढलं होतं आणि मग नकलांचा नुसता पाऊस पडला, तुमचं बिननावाचं म्हणजे त्यातलंच असणार. ८२३१ म्हणजे १९८२ चा ३१ वा आठवडा, पण ती चिपची तारीख, कार्ड त्यानंतरचं. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलकेच पुसा, सँडपेपर अजिबात नको. आणि मशीन मिळालंच कुठं तर चालू असताना कार्ड घालू नका, जळतं. काकांना विचारा की, मशीन कुठंय?