जुन्या मर्सिडीजच्या इंजिनातील टकटक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी पर्वरीला राहतो आणि पणजीत नोकरी करतो. जहाजावर नोकरीला असणाऱ्या एका गृहस्थांकडून मी 2009 सालची मर्सिडीज-बेंझ सी 200 कॉम्प्रेसर ही पेट्रोल गाडी घेतली. तिची पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर पुढील पाच वर्षांचे नूतनीकरण आधीच झालेले होते आणि मीटरवर सुमारे 90,000 किलोमीटर दिसत होते. मालक बोटीवर असताना गाडी महिनोन्‌महिने, पावसाळ्यातही, आवरण घालून उभी असे. सकाळी सुरू केल्यावर इंजिनाच्या वरच्या भागातून बारीक टकटक ऐकू येते, रेस दिल्यावर तिचा वेग वाढतो, दहा-पंधरा मिनिटांनी ती बरीच कमी होते, पण पूर्णपणे थांबत नाही. एका गॅरेजवाल्यांच्या मते टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतील फट भरून काढणारे छोटे भाग) गेले आहेत आणि हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागेल; दुसरे म्हणतात, इंजिन ओव्हरहॉलच करा; तिसऱ्यांनी जाड ऑइल घालून गाडी चालवत राहण्यास सांगितले. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : आपल्या पत्रावरून तिघांपैकी कोणीही इंजिनातील ऑइलचा दाब मोजलेला दिसत नाही, आणि तो मोजल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला अंदाजाच्या पलीकडे जात नाही. म्हणून तूर्त इंजिन खोलू देऊ नका. आपण सांगितलेली लक्षणे नीट पाहिली तर हा आवाज अगदी किरकोळ खर्चात थांबण्याची शक्यताही आहे आणि वेळीच लक्ष न दिल्यास इंजिन निकामी करणारा बिघाडही त्यामागे असू शकतो; या दोहोंतला फरक तपासणीच्या योग्य क्रमानेच कळतो.

आपल्या गाडीत एम 271 या मालिकेचे 1.8 लिटरचे, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आहे. जुन्या अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीमध्ये फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) घालून टॅपेटची फट हाताने लावावी लागे, तशी ती या इंजिनात लावता येत नाही. येथे प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक छोटा हायड्रॉलिक टॅपेट असतो, जो इंजिनाच्याच ऑइलने भरून फुगतो आणि फट आपोआप भरून काढतो. त्याच्या आत एक सूक्ष्म गोळी आणि झडप असते. ऑइल आत आले की ती झडप ते कोंडून धरते. गाडी बराच काळ उभी राहिली की हे ऑइल हळूहळू निथळून जाते आणि सुरुवातीचे काही सेकंद टकटक ऐकू येते, त्यात काळजीचे काही नाही. मात्र दहा-पंधरा मिनिटे आवाज टिकतो याचा अर्थ टॅपेटपर्यंत ऑइल पुरेसे पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही आत टिकत नाही, किंवा मुळात वाजतो आहे तो टॅपेट नव्हेच.

पहिले काम ऑइलचे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक काढा आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहा. पातळी कमी असेल तर कारण सरळच आहे. पण ती वरच्या खुणेच्याही वर असेल तर तेही तितकेच वाईट, कारण क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, ऑइल घुसळून त्याचा फेस करतो आणि हवा मिसळलेले ऑइल टॅपेटमध्ये गेले की तो दाबला जाऊन वाजू लागतो. डिपस्टिकचा वासही घ्या. आपले येणे-जाणे पर्वरी ते पणजी एवढेच असेल, तर वाहतुकीच्या कोंडीत गाडी कितीही वेळ उभी राहिली तरी ऑइल पुरते तापत नाही; डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो, ऑइल त्याच्या बरेच मागे असते. अशा छोट्या फेऱ्यांत न जळलेले पेट्रोल आणि वाफेचे पाणी ऑइलमध्ये साचते, ते पातळ होते आणि त्याचा चिकट थर बारीक वाटांत बसतो. त्यात आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळाभर उभी राहिलेली गाडी, म्हणजे मीटर काहीही दाखवो, ते ऑइल जुनेच समजावे.

जुने ऑइल काढताना फिल्टर फेकू देऊ नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. हा फिल्टर कागदी कार्ट्रिजचा आहे. त्याच्या घड्या कात्रीने कापून पांढऱ्या कागदावर पसरा, ऑइल निथळू द्या आणि उन्हात धरून पाहा. काळा मऊ गाळ असेल तर निगा राखली गेलेली नाही एवढेच म्हणता येईल. चकाकणारे कण दिसले तर कागदाखालून लोहचुंबक फिरवा : चुंबकाबरोबर सरकणारे कण लोखंडाचे, म्हणजे चेन, कॅम किंवा रोलरच्या झिजेचे असू शकतात, न सरकणारे पांढरट किंवा तांबूस चमकते कण ॲल्युमिनियमचे वा बेअरिंगच्या धातूचे असण्याचा संभव जास्त. या एका फिल्टरमधून जे कळते, ते तीन गॅरेजच्या तीन मतांतून कळलेले नाही. नंतर कंपनीच्या 229.5 या मान्यतेचे सिंथेटिक ऑइल, सुमारे साडेपाच लिटर, आणि चांगल्या प्रतीचा नवा फिल्टर घाला. मग एखाद्या सकाळी महामार्गाने गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत जाऊन या, म्हणजे ऑइल खऱ्या अर्थाने तापेल. हायड्रॉलिक टॅपेट केवळ गाळाने अडकलेले असतील तर ते एवढ्यानेच किंवा दीड-दोन हजार किलोमीटरनंतर पुन्हा ऑइल बदलल्यावर बहुतेकदा मोकळे होतात.

तरीही आवाज राहिला, तर तो कोठून आणि कोणत्या लयीत येतो हे ठरवावे लागेल. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. न्यूट्रलवर इंजिन मिनिटाला 700 फेरे घेते असे धरले, तर कॅमशाफ्टचे फेरे 350 होतात. म्हणजे एकच टॅपेट वाजत असेल तर सेकंदाला सहाच्या आसपास ठोके पडतील आणि क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर होणारा आवाज असेल तर बाराच्या आसपास. कानाने हे मोजणे कठीण आहे, परंतु मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून तो चौपट संथ लावला की ठोके सहज मोजता येतात. त्यानंतर मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू-ड्रायव्हर व्हॉल्व्ह कव्हरवर एकेका सिलिंडरपाशी टेकवून ऐका. हे करताना सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी काहीही लोंबते ठेवू नका. या गाडीचा पंखा विजेवर चालतो आणि तो पूर्वसूचनेशिवाय सुरू होतो.

टॅपेटसारखा वाजणारा पण टॅपेट नसलेला एक आवाज आपल्या बाबतीत विशेष तपासायला हवा, तो म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे जळलेले वायू हेडमधून बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, गळती. इंजिन थंड असताना मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधल्या फटीतून वायू बाहेर पडताना अगदी टकटक ऐकू येते, आणि धातू तापून प्रसरण पावला की ती फट मिटते व आवाज कमी होतो. आपले लक्षण याच्याशीही जुळते. समुद्राच्या खाऱ्या हवेत मॅनिफोल्डचे नट-बोल्ट गंजून एखादा तुटलेला सापडणे गोव्यात नवल नाही. गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा ओरखडा दिसतो का ते टॉर्चच्या उजेडात पाहा, आणि सकाळच्या पहिल्या सुरुवातीला रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे सांध्याजवळ फिरवा. गळती असेल तर दुरुस्ती गॅस्केट आणि बोल्टची आहे. टॅपेटला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची टिकटिक सर्व सिलिंडरवर सारखी असते आणि इंजिन तापले तरी कमी होत नाही. पेट्रोलच्या वाफा ओढणारा पर्ज व्हॉल्व्हही टिकटिकतो, परंतु तो इंजिन गरम झाल्यावर काम करू लागतो. म्हणून आपल्या सकाळच्या आवाजाचे मूळ या दोहोंत असण्याचा संभव मला कमी वाटतो.

आता चेनविषयी, कारण मला खरी चिंता तिची वाटते. एम 271 इंजिनात टायमिंग चेन (क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) लांबणे आणि कॅमशाफ्ट ॲडजस्टरचे (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणाऱ्या दातेरी चाकाचे) दात झिजणे हे माहितीतले दुखणे आहे, आणि ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ते लवकर उद्भवते. पहाटे सेल्फ मारताच एक-दोन सेकंद खडखड होऊन मग शांतता, हे त्याचे ठळक लक्षण. पण टकटकीच्या आड ते लपून राहू शकते. स्कॅनर लावून कॅम आणि क्रँक यांचा मेळ बिघडल्याचा कोड, उदाहरणार्थ पी 0016, आहे का ते पाहावे. कोड नसला तरी व्हॉल्व्ह कव्हर काढून, क्रँकशाफ्ट नेमून दिलेल्या खुणेवर आणून, दोन्ही कॅमशाफ्टच्या खुणा जुळतात का आणि ॲडजस्टरचे दात टोकदार झाले आहेत का, हे डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे. चेनने दात सोडला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि तेव्हा मात्र ओव्हरहॉल टळत नाही. चेन बदलायची ठरल्यास ती ताणून धरणारा टेन्शनर, ॲडजस्टर आणि त्यांचे बोल्ट एकदमच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. कव्हर उघडलेच आहे तर ॲडजस्टरच्या मॅग्नेटचे प्लग काढून आत ऑइल शिरले आहे का तेही पाहून घ्या, कारण ते वायरिंगमधून पुढे सरकत महागड्या कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते.

दाब मोजण्यासाठी यांत्रिक गेज जोडावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर न्यूट्रलवर व 3,000 फेऱ्यांवर वाचन घेऊन ते कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्यांशी ताडावे. दाब कमी निघाला तर ऑइल चेंबर उतरवून पंपाची जाळी गाळाने तुंबली आहे का हे आधी पाहावे. दाब उत्तम, चेन ठीक, गळती नाही, आणि तरीही एखाद्या सिलिंडरवर टकटक आहे, अशी स्थिती असेल तर टॅपेट बदलावे लागतील. परंतु त्यासाठी हेड उतरवण्याची गरज नाही. या इंजिनात टॅपेट कॅमशाफ्टच्या खाली, हेडच्या वरच्या बाजूस बसवलेले असतात. कव्हर आणि कॅमशाफ्ट काढले की ते हाताशी येतात. हेड उतरवण्याचा सल्ला देणाऱ्यांना हे कारण अवश्य विचारा.

एक आवाज ऐकू आला तर मात्र यांपैकी काहीही करत बसू नका. इंजिनाच्या खालच्या भागातून, भार पडल्यावर आणि इंजिन गरम झाल्यावर वाढणारा जड ठोका म्हणजे कनेक्टिंग रॉडचे (पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग गेलेले असण्याची भीती असते. गाडी जेथे असेल तेथे बंद करून टो करून न्या, घर दोन किलोमीटरवर असले तरी. शंका असल्यास मेकॅनिकला एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा प्लग क्षणभर काढायला सांगा; ठोका त्या सिलिंडरवर मंदावला तर दोष तेथला पिस्टन किंवा रॉड यांचा. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलचा प्लग मात्र काढू देऊ नका, कारण न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करते.

प्रश्न : टॅपेटच्या आवाजावर 20डब्ल्यू-50 हे जाड ऑइल किंवा बाजारात मिळणारे इंजिन फ्लश वापरल्यास गुण येतो का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : जाड ऑइलने आवाज दबतो हे खरे आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. सकाळी सुरुवातीच्या क्षणी जाड ऑइल बारीक वाटांतून वर चढायला अधिक वेळ घेते, म्हणजे ज्या सेकंदांत झीज सर्वाधिक होते तेच सेकंद वाढतात. शिवाय कॅमशाफ्ट ॲडजस्टर ऑइलच्याच दाबाने हलत असल्याने तेही मंद होतात. गोव्यात कडाक्याची थंडी नसते, त्यामुळे कंपनीच्या मान्यतेच्या मर्यादेत 5डब्ल्यू-30 ऐवजी 5डब्ल्यू-40 निवडणे योग्य ठरेल; त्यापुढे जाऊ नये. फ्लशविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. वर्षानुवर्षे साचलेला गाळ एकदम सुटला तर तो पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि टॅपेट वाजणाऱ्या इंजिनाचे ऑइलच बंद होते. चांगले ऑइल थोड्या अंतराने दोन-तीनदा बदलल्याने तेच काम सावकाश आणि सुरक्षितपणे होते.

प्रश्न : अशी जुनी गाडी घेण्यापूर्वी हा आवाज ओळखावा कसा? विक्रेत्याने दाखवली तेव्हा गाडी अगदी शांत होती.
— एक वाचिका, मडगाव

उत्तर : आपण पोहोचण्यापूर्वी गाडी सुरू करू नये असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा आणि सकाळी गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या. बॉनेट उघडे ठेवून, रेडिओ आणि एसी बंद करून, सेल्फ दुसऱ्या कोणाला मारायला सांगा व आपण स्वतः इंजिनापाशी उभ्या राहा, कारण चेनची खडखड आत बसलेल्याला ऐकू येत नाही. पहिले मिनिट मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, पंधरा-वीस मिनिटे चालवून आणल्यावर पुन्हा करा आणि दोन्ही मुद्रणे आपल्या मेकॅनिकला ऐकवा. सर्व्हिसच्या पावत्यांवर किलोमीटरपेक्षा तारखा बारकाईने वाचा. दोन ऑइल बदलांमध्ये दोन-अडीच वर्षे गेलेली दिसली, तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून चेन तपासण्याची परवानगी मागा, आणि ती नाकारली गेल्यास चेन किट आणि मजुरीचा खर्च किमतीतून वजा करूनच पुढचे बोलणे करा.