स्तानिस्वाव लेम: 'स्टार डायरीज' पहिल्या पानापासून वाचू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोलिश विज्ञानकथाकार स्तानिस्वाव लेमची 'सोलारिस' ही कादंबरी आवडली, म्हणून त्याची उपहासाची आणि चमत्कारिक कल्पनांची बाजू पाहावी या हेतूने 'द स्टार डायरीज' हा कथासंग्रह घेतला. पहिल्या कथा मजेत गेल्या, पुढे एका कथेत धर्मचर्चा संपता संपेना आणि पुस्तक निम्म्यात राहिलं. आता कुठून सुरुवात करावी?

अडचण वाचकाची नाही, पुस्तकाच्या मांडणीची आहे. मायकेल कँडेलच्या इंग्रजी अनुवादात (1976) इयॉन टिखी या अंतराळप्रवाशाच्या बारा सफरी आहेत: 7, 8, 11, 12, 13, 14, 20, 21, 22, 23, 25 आणि 28. हे आकडे म्हणजे लेखनाचा क्रम नव्हे. लेमने ते मनाला येतील तसे दिले आणि मधल्या जागा मुद्दाम रिकाम्या सोडल्या. 22, 23 आणि 25 या सफरी सर्वांत जुन्या, 1954 च्या 'सेझाम' या संग्रहातल्या. 13 आणि 14 पन्नाशीच्या दशकाच्या मध्यातल्या. सातवी साठच्या दशकातली. 20 आणि 21 मात्र 1971 च्या. म्हणजे विसावी-एकविसावी संपवून बाविसावीचं पान उलटलं की लेखक एकदम सतरा वर्षांनी तरुण होतो. एकाच पुस्तकात तीन वेगळे लेम आहेत आणि ते क्रमाने येत नाहीत. त्यामुळे हे पुस्तक कादंबरीसारखं वाचलं की बहुतेक लोक एकविसाव्या सफरीत अडकतात.

माझा सल्ला: 7, 14, 13, 11, 8 या क्रमाने वाचा. मग 22 आणि 25. 20 आणि 21 पुस्तकाच्या अगदी शेवटी ठेवा. अठरावी आणि चोविसावी सफर या पुस्तकात नाहीतच. त्या 'मेमॉयर्स ऑफ अ स्पेस ट्रॅव्हलर' (1982) या दुसऱ्या इंग्रजी संग्रहात आहेत, त्यामुळे पान फाटलं आहे की काय अशी शंका नको.

सातवी सफर सुरुवातीला यासाठी, की लेमची पद्धत तिथे सर्वांत स्वच्छ दिसते. उल्केने यानाचं सुकाणू निकामी होतं. दुरुस्ती क्षुल्लक आहे, पण एकाने बोल्ट धरायचा आणि दुसऱ्याने नट आवळायचा, आणि यानात टिखी एकटा. मग यान कालभोवऱ्यांत सापडतं आणि सोमवारचा टिखी, मंगळवारचा टिखी असे एकाच माणसाचे अनेक नमुने यानात जमू लागतात. आता माणसं भरपूर, पण अंतराळपोशाख एकच, आणि कोणाचं कोणाशी पटत नाही. वाचताना शेजारी कागद ठेवा आणि कोणत्या वारच्या टिखीला कोणी मारलं, कोणाच्या अंगावर कुठे वळ आहे ते लिहीत जा. हिशोब जुळतो. वरवर निव्वळ धुमाकूळ दिसतो, पण एक अट मान्य केली की पुढची प्रत्येक गोष्ट त्या अटीतून अपरिहार्यपणे निघते. लेमची विक्षिप्त कल्पना कधीच सुटी नसते. ती पायरीपायरीने शेवटपर्यंत नेलेली असते, आणि हसू त्या काटेकोरपणातून येतं. म्हणून प्रत्येक कथेत आधी ती एक अट शोधा. कथानकाच्या मागे धावलात तर हाती फारसं लागणार नाही.

चौदाव्या सफरीतल्या 'सेपुल्का' याच नजरेने पाहा. टिखी विश्वकोश उघडतो; एक नोंद दुसरीकडे पाठवते, दुसरी तिसरीकडे, आणि तिसरी पुन्हा पहिलीकडे. कोणाला विचारावं तर लोक संकोचतात किंवा संतापतात. सेपुल्का म्हणजे काय ते पुढे कळेल या आशेवर राहू नका, ते कळत नाही. ज्या समाजात सर्वांना माहीत असलेली गोष्ट उच्चारता येत नाही, तिथे परक्याची काय गत होते, हा त्या कथेचा विषय आहे.

तेराव्या सफरीला मात्र काळ ठाऊक असावा लागतो. पिंता ग्रहावर पाण्याखाली जगणं हाच आदर्श असल्याचं सरकारने ठरवलंय. लोक माणसंच आहेत, त्यांना संधिवात झालाय, पण कुरकुर करण्याची सोय नाही. पांता ग्रहावर रोज मध्यरात्री प्रत्येकाची भूमिका बदलते. आजचा माळी उद्याचा अभियंता, परवाचा बाप. स्टालिनच्या मृत्यूनंतर पोलंडमध्ये सेन्सॉरची पकड काही काळ सैल झाली, त्या दिवसांतलं हे लेखन आहे. हे लक्षात ठेवलं की ग्रह परके राहत नाहीत. लेम ल्वुव्हमध्ये (आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह) जन्मला (1921), जर्मन ताब्याच्या काळात तिथे मोटार गॅरेजमध्ये राबला आणि युद्धानंतर क्राकूवमध्ये आला. सरकारं बदलताना कालचं सत्य आज गुन्हा कसं ठरतं, हे त्याने जवळून पाहिलं होतं.

आता 'द सायबेरियाड' (पोलिशमध्ये 1965). खरं तर सगळ्यात मजबूत पाया हाच, आणि 'स्टार डायरीज'वर मन उडालं असेल तर थेट इकडे या. ट्रुर्ल आणि क्लापाउत्सियुश हे दोन यंत्रमानव-कारागीर, ढंग परीकथेचा, यंत्रं भविष्यातली, राजे मध्ययुगातले. पहिल्याच कथेत 'एन' अक्षराने सुरू होणारी कोणतीही वस्तू बनवणारं यंत्र आहे, आणि क्लापाउत्सियुश त्याला 'काहीच नाही' (इंग्रजीत 'नथिंग') बनवायला सांगतो. पुढे काय होतं ते तिथेच वाचा. मग तीन कथा सोडू नका. 'इलेक्ट्रॉनिक बार्ड'मध्ये कविता करणारं यंत्र बनवायचं तर कवीच्या डोक्यात जे आहे ते त्याच्या संस्कृतीने भरलेलं, त्या संस्कृतीला आधीच्या संस्कृतीने घडवलेलं, म्हणून ट्रुर्लला विश्वाच्या आरंभापासून सगळं यंत्रात उभं करावं लागतं. सहाव्या मोहिमेत ज्ञानाला हपापलेला चाचा (लुटारू) आहे. त्याच्यासाठी हवेतल्या रेणूंच्या गोंधळातून फक्त खरी माहिती वेचणारा राक्षस बनवला जातो, आणि खऱ्या पण निरुपयोगी माहितीची कागदी फीत निघतच राहते. सातव्या मोहिमेत पदच्युत जुलमी राजाला खेळायला पेटीतलं चिमुकलं राज्य दिलं जातं. त्या पेटीतल्या प्रजेचं दुःख खरं मानायचं की नाही, यावर दोघा मित्रांत जो वाद होतो, तो मला लेमच्या सगळ्या लेखनातला सर्वोत्तम वाटतो. 'सिमसिटी' या खेळाच्या निर्मात्याला, विल राइटला, याच कथेतून प्रेरणा मिळाली.

'द फ्युचरॉलॉजिकल काँग्रेस' (1971) ही टिखीचीच कादंबरी छोटी आहे; एका किंवा दोन बैठकांत संपवा. आठवडाभर लांबवलीत तर आपण भ्रमाच्या कितव्या थरात आहोत याचा पत्ता राहत नाही. कोस्टारिकातल्या 106 मजली हिल्टनमध्ये भविष्यवेत्त्यांची परिषद आहे. 64 देशांचे 198 निबंध, प्रत्येकाला चार मिनिटं, म्हणून वक्ते फक्त परिच्छेदांचे क्रमांक म्हणतात. नळाच्या पाण्यातून माणसाला प्रेमळ करणारी रसायनं येतात, बाहेर दंगल होते, आणि टिखी गटारात आसरा घेतो. वाचताना त्या गटाराचा उल्लेख येईल तिथे पेन्सिलने खूण करा. जागं होण्याची खात्री टिखी तिथूनच करून घेतो. उत्तरार्ध 2039 सालातली रोजनिशी आहे. तिथे औषधांच्या नावांची रास लागते; सगळी पाठ ठेवायची गरज नाही, फक्त 'मॅस्कॉन' हा शब्द पहिल्यांदा येतो ते पान नीट वाचा. यावरचा चित्रपट (2013) आधी पाहू नका. त्याची चौकट बरीच वेगळी आहे.

यानंतर 'स्टार डायरीज'ची विसावी आणि एकविसावी. एकविसाव्यातलं डायकोटिका ग्रहावरचं देहबदलाचं प्रकरण आणि यंत्रमानव भिक्षूंचा वाद सलग वाचण्यापेक्षा दोन दिवसांत वाटून घ्या. देह आणि मन हवं तसं बदलता येत असेल तर श्रद्धेला काय उरतं, हा प्रश्न धरून वाचलं की कंटाळा येत नाही.

'मेमॉयर्स फाउंड इन अ बाथटब' (1961) सर्वांना मी सुचवत नाही. जमिनीखालच्या इमारतीत एक हेर आपली कामगिरी कोणती ते शोधत फिरतो, आणि प्रत्येक खोलीत तोच चक्रव्यूह नव्याने सुरू होतो. काफ्का आवडत असेल तर जरूर.

'अ परफेक्ट व्हॅक्यूम'मध्ये अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची परीक्षणं आहेत. पहिलं परीक्षण खुद्द याच पुस्तकाचं आहे. ते शेवटी वाचा. सुरुवात 'नॉन सर्व्हियम'ने करा: संगणकात जन्मलेले जीव आपल्या निर्मात्याच्या अस्तित्वावर वाद घालतात आणि तो निर्माता प्राध्यापक मुकाट्याने ऐकतो. ते पचलं तर 'इमॅजिनरी मॅग्निट्यूड'मधल्या गोलेम या महासंगणकाच्या व्याख्यानाकडे जा. ते आधी घेतलंत तर विनोद सापडणार नाही आणि युक्तिवादही अर्धवट हाती लागेल.

अनुवादाबद्दल एवढंच: उपहासाच्या पुस्तकांसाठी कँडेलचं नाव पाहून घ्या. तुमची 'सोलारिस' 1970 च्या इंग्रजी अनुवादातली असेल, तर तो फ्रेंचमधून आलेला आहे. बिल जॉन्स्टनचा 2011 चा अनुवाद थेट पोलिशमधून आहे. पुन्हा वाचायची झाली तर तोच घ्या.