मत लिहिण्याआधी मूळ दस्तऐवज वाच

गोपनीयता आणि कायद्यांच्या बातम्यांवर मत लिहायला घेतलंस, छान झालं. आधी एकच सवय लाव: नुसता मथळा वाचून मत देऊ नकोस. गोपनीयता धोरण, निकालपत्र, कायद्याचं कलम, जे असेल ते स्वतः उघडून वाच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एन्क्रिप्शन (इतरांना वाचता येऊ नये म्हणून संदेश सांकेतिक रूपात बदलणं) आहे म्हणजे सगळं गुप्त, असं धरून चालतात. झाकला जातो तो मजकूर. कोणी, कोणाला, कधी पाठवला याच्या नोंदी बऱ्याचदा उरतातच. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन या अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या माजी कंत्राटी कर्मचाऱ्याने उघड केलेला अमेरिकेतला फोन-नोंदींचा साठा असाच होता. त्यात संभाषण नव्हतं, तरी कोणाचे कोणाशी संबंध आहेत ते कळत होतं.
- विधेयकालाच कायदा म्हणतात.
- आवडत्या पक्षाला सूट देतात. सरकार बदललं तरी निकष तोच ठेव.

जीडीपीआरचे (युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा) बारकावे नंतर बघू. सध्या एकच बातमी घे, आणि अडलास की बिनधास्त विचार.