मुनीमजींना अडवणारा रकाना

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सेलूच्या मोंढ्यात आमचं आडतीचं दुकान आहे. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून मी पायथनमध्ये आवक नोंदीचा फॉर्म केला. माऊस नाही, खिडक्या नाहीत, काळ्या टर्मिनलवर सगळं. शेतकऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने, मग गाव, मोबाईल, पोती, वजन, ओलावा, भाव. नावात फक्त अक्षरं यावीत म्हणून ‘इझअल्फा’ची तपासणी लावली, तर ‘कमल’ घेतंय आणि ‘शोभा’ घेईना गेलंय. आकड्यात काही चुकलं की ‘चुकीची नोंद’ येतं आणि फॉर्म पहिल्यापासून भरावा लागतो. सोयाबीनच्या सीझनमध्ये दारात ट्रॅक्टरची रांग असते. मुनीमजी चिडायलेत, वहीच बरी म्हणायलेत. कुठं चुकतंय?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : भाऊ, मुनीमजींचा राग रास्त आहे. तुमच्या प्रोग्रामची दुरुस्ती त्यांच्या तक्रारींच्या यादीवरूनच करा, दुसरी यादी शोधायची गरज नाही.

आधी नाव. पायथनचं ‘इझअल्फा’ प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमधला (म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांच्या सामायिक यादीतला) वर्ग बघतं आणि तो ‘अक्षर’ असला तरच होकार देतं. देवनागरीत क, म, ल ही अक्षरं झाली. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांना युनिकोडने वेगळ्या वर्गात ठेवलंय: अक्षराला जोडून येणारी चिन्हं. म्हणून ‘कमल’, ‘शरद’, ‘मदन’ आत जातात आणि ‘शोभा’, ‘जाधव’, ‘शिंदे’, ‘देशमुख’ दारात अडतात. नावाचे तीन रकाने केलेत म्हणून निदान इतकं तरी चाललं. पूर्ण नाव एकाच रकान्यात असतं तर मधल्या मोकळ्या जागेवरच सगळे अडले असते.

यावर ‘अक्षर किंवा जोडचिन्ह चालेल’ असा नियम लिहिता येतो, पण मी तोही लिहिणार नाही. नावाचा रकाना रिकामा नसावा, त्यात अंक नसावेत, टॅब किंवा एस्केपसारखी न दिसणारी नियंत्रण चिन्हं नसावीत. एवढंच तपासा. वर्षभर राबून माल घेऊन आलेल्या माणसाला पडद्यानं ‘तुझं नाव चुकीचं आहे’ म्हणावं, हे मला अजिबात सहन होत नाही. त्याचं नाव काय ते त्याला ठाऊक आहे, प्रोग्रामनं ते लिहून घ्यायचं.

नावाला अडवायचं नाही, पण साठवण्याआधी साफ मात्र करायचं. पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढा, मधल्या दोन असतील तर एक करा. आणि आपल्या भाषेतली एक खास अडचण लक्षात ठेवा. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. काही कीबोर्ड नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ‘ऱ’ आणि हलन्त देतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ते दोन वेगळे शेतकरी. एकाच माणसाची उचल एका खात्यावर, पट्टी म्हणजे विक्रीचा हिशोब दुसऱ्या खात्यावर. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर एकाच ठरावीक रूपात आणणं, जरूर करा, त्यानं ‘र’ आणि नुक्ता सुटे टाइप झाले असतील तर ते जोडले जातात. अदृश्य जॉइनरला मात्र ते हात लावत नाही. म्हणून साधा र, हलन्त, जॉइनर हा तिघांचा गट दिसला की त्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवा, ही एक ओळ तुम्हालाच लिहावी लागेल. ‘गोऱ्हे’, ‘बऱ्हाटे’, सगळे यात येतात.

आता आकडे. मुनीमजींनी मराठी अंकांत ‘५२’ लिहिलं तरी पायथनचं पूर्णांक वाचणारं ‘इंट’ ते बिनतक्रार वाचतं, दशांश वाचणारं ‘फ्लोट’ही वाचतं. पण मोबाईल आणि बँकेचा खाते क्रमांक आपण मजकूर म्हणूनच ठेवतो, आणि ठेवायलाच हवा, नाहीतर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळून जातात. तिथं मराठी अंकांचा ‘९’ आणि इंग्रजी अंकांचा नऊ ही वेगळी चिन्हं राहतात. म्हणून कोणतीही तपासणी करण्याआधी सगळे अंक एकाच लिपीत आणा. मग मोबाईलमधल्या मोकळ्या जागा, रेघा, पुढचं अधिक ९१ किंवा शून्य काढा आणि दहा अंक उरतात का, पहिला ६ ते ९ मधला आहे का, ते बघा. हा रकाना रिकामा सोडता आला पाहिजे. एकच नंबर दोन शेतकऱ्यांकडे असणंही मान्य करा, कारण बरेच म्हातारे मुलाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर देतात. भावात मुनीमजी वहीसारखा स्वल्पविराम देतील, ‘४,२५०’. त्यासाठी ओरडू नका, प्रोग्रामनं तो स्वल्पविराम काढून टाकावा. एक गोष्ट मात्र अडवा: ‘फ्लोट’ला रोमन लिपीत ‘नॅन’ (‘नॉट अ नंबर’, म्हणजे संख्याच नाही) ही तीन अक्षरं दिली तरी तो ती संख्या म्हणून घेतो. आणि नॅन कशाहूनही लहान नाही, कशाहूनही मोठा नाही. ‘कमी असेल तर अडव, जास्त असेल तर अडव’ अशा तुमच्या दोन्ही अटींतून तो आरपार निघून जातो.

कधी अडवायचं, हा खरा प्रश्न आहे, आणि तुमच्या फॉर्मचं सगळ्यात जास्त तिथंच बिनसलंय. परभणीत जिनिंग-प्रेसिंगवाल्यांसाठी मी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत प्रोग्राम लिहायचे. तिथं प्रत्येक रकान्याला पिक्चर, रेंज आणि व्हॅलिड जोडता यायचं. पिक्चर कळ दाबतानाच ठरवायचं की इथं अंकच येईल. रेंज आणि व्हॅलिड रकाना सोडताना बघायचे. ही वाटणी आजही तितकीच योग्य आहे. वजनाच्या रकान्यात अंक आणि दशांशचिन्हाशिवाय काही उमटू न देणं ठीक, पण ‘किमान ५ पाहिजे’ हे टाइप करताना तपासलंत तर १२.५० लिहिणाऱ्याला पहिल्या १ वरच लाल अक्षरं दिसतील.

तिसरी वेळ असते पक्कं करताना, आणि मोंढ्यात तीच सगळ्यात महत्त्वाची. माल येतो तेव्हा नाव, गाव आणि पोती एवढंच माहीत असतं. भाव सौद्यानंतर कळतो. वजन काट्यावर, तेही सौदा झाल्यावर. तुमचा फॉर्म सकाळच्या आवकेलाच वजन आणि भाव मागतोय, म्हणून मुनीमजी तिथं काहीतरी खोटा आकडा टाकून पुढं जात असणार. तसे आकडे एकदा आत गेले की कुठलीही पडताळणी त्यांना शोधू शकत नाही. तेव्हा आवक नोंदताना वजन, ओलावा, भाव रिकामे चालू द्या. हमाली, तोलाई वजा करून पट्टी काढायची वेळ येईल तेव्हा मात्र एकही रकाना रिकामा चालणार नाही. चुकलेल्या रकान्यातून वरच्या बाणानं मागं जाता आलं पाहिजे, हेही बघा. नाव दुरुस्त करायचंय आणि कर्सर ओलाव्यात कोंडलाय, ही फार वाईट अवस्था असते.

अशक्य आणि अवघड यांत फरक करा. ओलावा १०० च्या वर किंवा उणे, हे अशक्य, सरळ थांबवा. २२ टक्के? पावसात भिजलेलं सोयाबीन तसं येतंच. तिथं ‘२२ टक्के बरोबर आहे का?’ विचारा, पुन्हा एंटर दाबलं की घ्या. हमीभाव केंद्राची १२ टक्क्यांची मर्यादा प्रोग्राममध्ये कोरून ठेवू नका. तुमची आडत आहे, खरेदी केंद्र नाही, आणि ती मर्यादा २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारनं १५ पर्यंत सैल केलीच होती. असे आकडे वेगळ्या फाइलीत ठेवा. वजनासाठी मला एकट्या रकान्याच्या मर्यादेपेक्षा पोत्यामागची सरासरी जास्त भरवशाची वाटते. २० पोती आणि १२५० क्विंटल आलं, की कुणीतरी किलो क्विंटलच्या रकान्यात लिहिलेत हे लगेच कळतं.

गाव टाइप करायला लावू नका, यादीतून निवडू द्या, आणि यादीत तालुका सोबत दाखवा. पिंपळगावं आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. जिल्ह्याच्या यादीत जुनी नावंही ओळखा. २०२३ च्या आधीच्या कागदांवर उस्मानाबाद आणि औरंगाबादच असणार. मुनीमजींनी ते लिहिलं तर धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर म्हणून साठवा.

आणि तो ‘चुकीची नोंद’ हा संदेश आजच काढा. ‘वजन क्विंटलमध्ये लिहा, जसं १२.५०’ असं सांगा. लिहिलेलं पुसू नका, कर्सर चुकलेल्या जागी नेऊन ठेवा. पायथनच्या कर्सेसमधला (टर्मिनलवर पडदा मांडणाऱ्या लायब्ररीतला) टेक्स्टबॉक्स इंग्रजी अक्षरांच्या हिशोबानं बांधलेला आहे, मराठी नावांसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. प्रॉम्प्ट टूलकिट ही लायब्ररी घ्या. तिच्यात पडताळणीच्या चुकीबरोबर संदेश आणि कर्सरची जागा दोन्ही देता येतात, आणि टाइप करताना तपासणी बंद ठेवायची सोयही आहे.

प्रश्न : मॅडम, मी सी भाषेत एनकर्सेसच्या फॉर्म लायब्ररीवर प्रोजेक्ट करतेय. शेवटचा रकाना भरून एफ-२ दाबलं की त्याची किंमत रिकामी येते. बाकी रकान्यांतलं गाव ‘नांदेड’शी ताडून पाहिलं तर जुळत नाही. किमान १ अशी मर्यादा असूनही रिकामा रकाना पास होतो.
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तिन्हींची कारणं वेगळी आहेत. कर्सर ज्या रकान्यात आहे त्यातला मजकूर बफरमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथून किंमत वाचतो त्या साठ्यात, लगेच उतरत नाही. रकाना सोडल्यावर किंवा फॉर्म ड्रायव्हरला व्हॅलिडेशनची विनंती पाठवल्यावर उतरतो. एफ-२ वर आधी ती विनंती पाठव आणि उत्तर काय आलं ते तपास. ‘अवैध रकाना’ आलं तर साठवायचंच नाही. दुसरं, बफर रकान्याच्या पूर्ण रुंदीपर्यंत मोकळ्या जागांनी भरलेला असतो, म्हणून ताडण्याआधी शेपटीच्या जागा छाट. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर कसा दिसावा याचा नमुना) लावणार असशील तर शेवटच्या डॉलर चिन्हाआधी ‘कितीही मोकळ्या जागा’ लिहायला विसरू नकोस. तिसरं, रिकामा रकाना चालवून घेणारा ‘नलओके’ पर्याय मुळातच चालू असतो, तो बंद कर. त्याच्याच जोडीचा ‘पासओके’ही चालू असतो आणि न बदललेला रकाना तपासतच नाही. सक्तीच्या रकान्यांवर दोन्ही बंद हवेत.

प्रश्न : पाणीपट्टीच्या नोंदीसाठी बॅश (लिनक्स टर्मिनलच्या कमांडची भाषा) स्क्रिप्ट लिहिली. घर नंबर ०७ पर्यंत नीट, ०८ आणि ०९ ला एरर. का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पुढं शून्य दिसलं की बॅश गणित करताना तो आकडा अष्टमान पद्धतीचा समजतो, आणि अष्टमानात ८ आणि ९ हे अंकच नाहीत. गणितात आकड्यापुढं ‘१०#’ लावा, इंग्रजी अंकांत, म्हणजे तो दशमान धरला जाईल. पण घर नंबराची बेरीज-वजाबाकी तुम्ही कधी करणार नाही. तो मजकूर म्हणूनच ठेवा, ‘८/२’ आणि ‘८ अ’ ही घरंही मग बसतील.

रकमेचं मात्र गणित करावंच लागतं, आणि तिथं एक धोका आहे. दुहेरी चौकटी कंसातल्या संख्यांच्या तुलनेत किंवा गणिताच्या कंसात वापरणाऱ्यानं लिहिलेला मजकूर थेट टाकला, तर बॅश त्याचं मूल्य काढायला जातं. त्यात कुणी ॲरेच्या कंसात कमांड लिहिली असेल तर ती चालते. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर हे होता कामा नये. म्हणून ‘रीड’ कमांडनं रक्कम वाचल्याबरोबर पहिली तपासणी हीच: सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त इंग्रजी शून्य ते नऊ, एक ते सात अंक. ती पास झाल्याशिवाय त्या रकमेला कुठल्याही गणिताजवळ नेऊ नका.