स्वेटरवाल्या आमांचा खोकला

प्रश्न : नमस्कार ताई, शरणपूर रोडला तिबेटियन मार्केटजवळ माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दर थंडीत येणाऱ्या त्या स्वेटरवाल्यांमध्ये एक आमा आहेत (त्यांच्यात आईला आमा म्हणतात), साठीच्या असतील. तीन आठवडे झाले खोकतायत, स्वेटरची घडी घालता घालता मधेच छातीला हात लावून थांबतात. परवा मी त्यांना एका दवाखान्यात नेलं तर केसपेपरच्या खिडकीवर आधार मागितलं, आमांनी पिशवीतून आरसी काढून दाखवली तर म्हणे हे काय असतं, बाजूला व्हा. आमा काही बोलल्या नाहीत, पिशवीला परत रबर लावत उभ्या राहिल्या, मला ते बघवेना. जानेवारीअखेर त्या कर्नाटकातल्या मुंडगोडला, त्यांच्या तिबेटी वसाहतीत परत जाणार. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात हेच मोठं काम आहे, आता अजून एकदा जा. आरसी म्हणजे आपल्याच सरकारने तिबेटी निर्वासितांना दिलेला नोंदणीचा कागद, ओळखपत्र म्हणून तो पुरेसा आहे, दोन झेरॉक्स काढून ठेवा. आणि राज्यघटनेतलं जगण्याचा हक्क देणारं कलम 21 फक्त नागरिकांसाठी नाही, इथल्या प्रत्येक माणसासाठी आहे, 1996 मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्टच सांगितलंय. खिडकीवर वाद घालत बसू नका, सरळ वरच्या डॉक्टरांना भेटा.

दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासलीच पाहिजे. टीबीच असेल असं नाही, पण वाट बघू नका. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये टीबीच्या विभागात जा, तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट असतात. डबी देतील, त्यात सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून आलेला बेडका हवा, नुसती लाळ नको, हे आमांना नीट करून दाखवा, इथेच बऱ्याच जणांचं चुकतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो.

टीबी निघालाच तर साधारण सहा महिने रोज गोळ्या, आणि खरी भीती मला इथे वाटते, कारण महिना दोन महिन्यात बरं वाटायला लागतं, तेवढ्यात बाजार उठतो, ट्रकमध्ये गाठोडी चढतात आणि गोळ्या सुटतात. मधेच सोडलं तर औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी नि-क्षय आयडी (टीबीच्या पेशंटचा सरकारी नोंदणी नंबर) लिहून घ्या आणि निघायच्या आठवडाभर आधी मुंडगोडला ट्रान्सफर करा म्हणून सांगा, तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढची औषधं मिळतात. वाटेत पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर मागून घ्या. काही अडलं तर टीबीच्या सरकारी हेल्पलाइनला 1800-11-6666 वर फोन करा, टोल-फ्री आहे.

हो, आणि ही मंडळी भाड्याच्या एकाच खोलीत चार-पाच जण झोपतात ना, रिपोर्ट टीबीचा आला तर त्या खोलीतल्या सगळ्यांना त्याच दिवशी बरोबर घेऊन जा, लहान पोर असेल तर आधी त्याला.