श्रॅपनेल, छरा की कपची?

प्रश्न असा आहे: बेल्जियममधल्या ईपर गावाजवळच्या नांगरटीत पहिल्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांचे गंजके तुकडे दिसतात. मराठीत त्यांना काय म्हणावे? 'श्रॅपनेल' की 'छर्रे'?

माझ्या मते दोन्ही नकोत. त्यांना 'कपची' म्हणावे.

श्रॅपनेल हे माणसाचे आडनाव. हेन्री श्रॅपनेल या इंग्रज तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने 1784 च्या सुमारास पोकळ गोळ्यात बंदुकीच्या गोळ्या भरून तो शत्रूच्या डोक्यावर, हवेतच फोडायची युक्ती काढली. 1804 मध्ये सुरिनाममध्ये तो गोळा पहिल्यांदा लढाईत वापरला गेला. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश 18 पौंडी तोफेच्या अशा एका गोळ्यात शिशाचे सुमारे 375 छरे असत. बुडाशी थोडीशी काळी दारू असे. ती पेटली की छरे पुढे फेकले जात, बाहेरचे पोलादी कवच मात्र बहुधा अखंड राही. म्हणूनच ती कवचे आजही रिकाम्या फुलदाणीसारखी सापडतात. अर्थात खरे श्रॅपनेल म्हणजे ते छरे. वाटाण्याहून मोठे, जड, कधी आपटून चपटे झालेले.

वेड्यावाकड्या, धारदार कडांचा पोलादी तुकडा दिसला तर तो दुसऱ्याच गोळ्याचा. त्यात जहाल स्फोटक ठासलेले असे आणि त्याने कवचाच्याच ठिकऱ्या उडत. त्या काळचे इंग्रज सैनिक अशा तुकड्याला 'स्प्लिंटर' म्हणत. पुढे छऱ्यांचा गोळा मागे पडला, पण नाव उरले आणि ते कोणत्याही तुकड्याला चिकटले. बातम्यांत आपण तेच उचलतो.

'कपची' का, तर दगडावर सुतकी मारली की जी धारदार चकती उडते तिला आपण कपचीच म्हणतो. 'ठिकरी' चालेल, पण तिला खापराचा वास आहे. 'ढलपी' लाकडाची वाटते.

तुकडा ओळखायला बाहेरची गोलाई बघावी. कागदावर 77 आणि 84 मिमी व्यासाची वर्तुळे काढून ताडले, तर जर्मन 77 मिमी आणि ब्रिटिश 18 पौंडी तोफ यांत निदान अंदाज बांधता येतो. स्फोटात पोलाद वाकते, म्हणून खात्री मात्र देता येत नाही. गोळ्याभोवती बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्याचा तुकडा मिळाला तर फार चांगले. तोफेच्या नळीतले आटे त्यावर तिरके ओरखडे उमटवून जातात. गोळा खरोखर झाडला गेला होता, हे त्यावरून कळते. पितळी कड्यावर कोरलेले आकडे दिसले तर तो ठरावीक वेळाने गोळा फोडणाऱ्या फ्यूजचा भाग.

अख्ख्या गोळ्यासाठी आपल्याकडे फार सुंदर जुना शब्द आहे: 'कुलपी गोळा'. आत दारू भरून बंद केलेला, फुटणारा. 1818 मध्ये इंग्रजांनी रायगडावर उखळी तोफांतून डागले ते हेच. हा शब्द पुन्हा वापरात यावा असे मला मनापासून वाटते. शेतात असा कुलपी गोळा दिसला तर हात लावू नका, लांब उभे राहून पोलिसांना कळवा. शंभर वर्षांनंतरही तिथले शेतकरी दर हंगामात असे गोळे नांगरून वर काढतात, आणि बेल्जियन सैन्याचे पथक ते निकामी करायला घेऊन जाते.