आधी वजन, मग लोखंड

तुमचा प्रश्न असा आहे: मेलबर्नला राहता, सात आसनी टोयोटा प्राडो आहे, घरच्या गॅरेजमध्ये मिग वेल्डर आहे. 6×4 फुटी जुना बॉक्स ट्रेलर स्वस्तात मिळतोय. त्यावरच खोकं आणि तंबू चढवून त्याचा कॅम्पर ट्रेलर करून पुढच्या जुलैत मुलं आणि पुण्याहून येणारे आईबाबा यांना घेऊन गिब रिव्हर रोड हा वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातला, बहुतांश कच्चा रस्ता करायचा आहे. तो ट्रेलर घ्यावा का, आणि नसेल घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी?

तो ट्रेलर घेऊ नका. तसे ट्रेलर बागेतला पालापाचोळा नाहीतर जुनं फर्निचर टिपवर, म्हणजे कचरा डेपोवर, नेण्यासाठी केलेले असतात. ब्रेक नसतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतात, ड्रॉबार, म्हणजे ट्रेलरला गाडीशी जोडणारा पुढचा दांडा, बारीक असतो आणि सगळं गणित एकूण 750 किलोंवर बेतलेलं असतं. त्याला मजबूत करत बसण्यात जितकं लोखंड आणि वेळ जाईल, तेवढ्यात नवी चॅसी उभी राहते, शिवाय मापं तुमची असतात.

गिब रिव्हर रोड डर्बीपासून कुनुनुरा-विंडहॅमच्या फाट्यापर्यंत साधारण 660 किलोमीटर. त्यात चढ अवघड नाहीत. ट्रेलर मोडतो तो कोरुगेशनमुळे. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालेला असतो आणि ते हादरे तासन्‌तास थांबत नाहीत. म्हणून ऑफ-रोड म्हटल्यावर डोळ्यासमोर खडक आणि उंच चाकं आणू नका. अखंड थरथरीत काय सैल होईल, काय घासेल, कुठे तडा जाईल, हा विचार करून बांधा. आणि या तिन्हींचं मूळ वजनात आहे.

म्हणून लोखंड आणण्याआधी कागद घ्या. तुमच्यासारख्या कुटुंबासाठी मी अंदाज असा धरीन: चॅसी, अ‍ॅक्सल आणि चाकं 320 किलो, खोकं आणि झाकण 180, तंबू आणि गाद्या 110, पाणी 80, भरलेला फ्रीज 60, बॅटरी आणि वायरिंग 30, शेगडी-गॅस-भांडी 45, कपडे आणि शिधा 120, स्टेपनी आणि हत्यारं 75. हे हजाराच्या वर गेलं, आणि यात अजून सावलीचं कापडी छत नाही, खुर्च्या नाहीत, मुलांच्या सायकली नाहीत. त्यामुळे एटीएम, म्हणजे पूर्ण भरलेल्या ट्रेलरचं एकूण वजन, 1400 किलो धरून अ‍ॅक्सल, स्प्रिंग, कपलिंग (ट्रेलर गाडीला अडकवायचा सांधा) आणि टायर निवडा, आणि प्रत्यक्षात 1200 च्या आत राहायचा प्रयत्न करा.

गाडीचंही गणित याच कागदावर मांडा, कारण तुमच्या बाबतीत ते जास्त आवळलेलं आहे. प्राडो किती ओढू शकते हे सगळे सांगतील. पण टो बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, येणारा भार गाडीच्या स्वतःच्या वजनमर्यादेत मोजला जातो. सहा माणसं, बुलबार, छतावरचा रॅक, भरलेली डिझेलची टाकी आणि वर बॉलवरचे 120-130 किलो, एवढ्यात ती मर्यादा संपू शकते. गाडी सगळ्या माणसांसकट वजनकाट्यावर नेऊन बघा. बहुतेक टिपवर काटा असतो. तो आकडा हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता ब्रेक. एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरच्या चाकांवर येणारं वजन 750 किलोंपर्यंत असेल तर ब्रेक नसले तरी चालतात. त्यापुढे 2 टनांपर्यंत एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांना ब्रेक असावे लागतात. तुम्ही या दुसऱ्या गटात येता. कायद्याने ओव्हरराइड ब्रेक चालतील, पण मी इलेक्ट्रिकच लावायला सांगेन. ओव्हरराइड ब्रेक ट्रेलर मागून ढकलायला लागला की लागतो. लो रेंजमध्ये (हळू, जास्त जोराच्या गिअरमध्ये), इंजिनाच्या जोरावर लांब उतार उतरताना ट्रेलर सतत ढकलतच असतो, म्हणजे ब्रेक सतत घासून तापतो. इलेक्ट्रिक ब्रेक डॅशबोर्डवरून हाताने नुसत्या ट्रेलरला लावता येतो. मोकळ्या खडीवर ट्रेलर आडवा जाऊ लागला तर तेवढ्या एका हलक्या दाबाने तो पुन्हा सरळ रेषेत येतो.

चॅसीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणेन, आणि त्यातही ड्रॉबारवर. घरी बांधलेले ट्रेलर तुटतात ते बहुतेक वेळा एकाच जागी: ड्रॉबारच्या दोन नळ्या खोक्याच्या पहिल्या आडव्या नळीला भेटतात तिथे. लोक तिथे नळीच्या वरच्या आणि खालच्या अंगावर आडवं, भरघोस वेल्ड मारतात. दिसायला भक्कम दिसतं. पण नळी वाकते तेव्हा सगळा ताण याच दोन अंगांवर येतो, आणि वेल्डच्या कडेचं लोखंड तापून बदललेलं असतं. हजारो हादऱ्यांनंतर तिथे रंगावर गंजाची केसाएवढी तांबडी रेघ उमटते. धूळ पुसून बोटाने चाचपली तर कड लागते. ती रेघ दिसली की ट्रेलर पुढे न्यायचा नाही.

यावर उपाय म्हणजे ड्रॉबारच्या नळ्या खोक्याच्या पुढच्या कडेला संपवू नका. चॅसीच्या खालून मागे, निदान स्प्रिंगच्या पुढच्या हँगरपर्यंत, म्हणजे स्प्रिंग जिथे चॅसीला अडकते तिथपर्यंत, न्या. 100×50×3 मिलिमीटरची आयताकृती नळी, उभी धरून. जिथे आडवी नळी भेटते तिथे वेल्ड शक्यतो उभ्या बाजूवर, उंचीच्या मध्याजवळ घ्या. वरच्या-खालच्या अंगावर आडवी शिवण नको. पट्टी लावून जोर द्यायचाच असेल तर पट्टीची टोकं निमुळती करा, म्हणजे ताण एका रेषेत साठत नाही. ड्रॉबार लांब ठेवा. रिव्हर्स घेणं सोपं जातं आणि तीव्र वळणात खोक्याचा कोपरा गाडीच्या मागच्या दाराला लागत नाही.

चौकट आधी नुसत्या टॅकवर, म्हणजे ठिपक्याएवढ्या तात्पुरत्या वेल्डवर, उभी करा, दोन्ही कर्ण मोजा, जुळले तरच पूर्ण वेल्ड. स्प्रिंगचे हँगर मात्र शेवटपर्यंत टॅकवरच ठेवा. पाण्याची टाकी, बॅटरी, फ्रीज, गाद्या जागच्या जागी ठेवून, नाहीतर तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवून, कपलिंगच्या जागी किती वजन येतं ते मोजा. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवं. कमी असेल तर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि एकदा हलायला लागला की आवरत नाही. अ‍ॅक्सल पुढेमागे सरकवून हे जमलं की मग हँगर पक्के करा. पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या लगेच पुढे, खाली बसवली तर ती भरली-रिकामी झाल्याने तोल फारसा बदलत नाही.

हॉट-डिप गॅल्व्हनाइझ करणार असाल तर प्रत्येक बंद नळीला हवा आणि जस्त जाण्या-येण्यासाठी भोकं पाडल्याशिवाय चॅसी देऊ नका. ते हौद 450 अंशांच्या आसपास तापलेले असतात. बंद नळीत ओल राहिली तर तिची वाफ होऊन नळी फुटते आणि तिथे काम करणारी माणसं भाजतात. आणि आधीच गॅल्व्हनाइझ्ड असलेली नळी वेल्ड करणार असाल तर सांध्याजवळचं जस्त घासून काढा, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवा. त्या पांढऱ्या धुराने त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो.

सस्पेन्शनमध्ये साधे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि सलग अ‍ॅक्सल घ्या, सोबत शॉक अ‍ॅब्सॉर्बर हवेतच. स्वतंत्र ट्रेलिंग आर्म (प्रत्येक चाकाला वेगळा हात) चांगली चालते, पण हाताने बांधताना दोन्ही बाजू मिलिमीटरात जुळवाव्या लागतात, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. पाट्यांचं पान रस्त्यात तुटलं तरी किंबर्लीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये काहीतरी जुगाड होतो. चाकं गाडीच्या चाकांसारखीच घ्या, 6×139.7 चा (139.7 मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा बोल्ट) हब लावून. मग गाडी आणि ट्रेलर दोघांत मिळून दोन स्टेपन्या होतात. बेअरिंगचा एक जादा संच, सील आणि ग्रीस ट्रेलरवर कायमचे ठेवा. वाटेतल्या पेंटेकोस्टसारख्या नदीत उतरण्याआधी थोडं थांबून हब थंड होऊ द्या. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते.

कपलिंग ऑफ-रोडचं, सगळ्या दिशांना फिरणारं हवं. डीओ35 किंवा त्या जातीचं कुठलंही.

एक गोष्ट फार कमी लोक आधी विचारतात. गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेले दगड ट्रेलरच्या सपाट पुढच्या भिंतीवर आपटतात आणि उलट येऊन गाडीची मागची काच फोडतात. पुढची भिंत तिरकी करा किंवा ड्रॉबारवर दगड अडवणारी जाळी ताणा. रबरी पट्ट्या लोंबकळणारी जाळी उत्तम, कारण ती दगडाचा जोर खाते आणि दगड खाली पडतो.

धुळीसाठी दारांना चांगली पोकळ रबरी पट्टी आणि घट्ट ओढणारे लॅच. तरीही धूळ शिरेल, कारण चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि प्रत्येक फटीतून धूळ आत ओढली जाते. छताजवळ पुढे तोंड केलेला, फिल्टर लावलेला हवेचा झरोका ठेवला तर आत थोडा दाब राहतो. पिठाचे, डाळींचे डबे त्यातच असतात, तेव्हा हे मनावर घ्या.

गॅस कायमचा बसवू नका. पक्कं गॅस फिटिंग परवानाधारक फिटरकडूनच करून घ्यावं लागतं. बाहेर काढून वापरायची शेगडी पुरते. बॅटरी लिथियम घ्या, शंभर अँपिअर-अवरला बारा किलोंच्या आसपास. तेवढीच एजीएम (शिशाची बॅटरी) जवळपास तीस किलोंची.

आईबाबांना ट्रेलरवरच्या तंबूच्या शिडीवर चढवू नका. रात्री दोनदा उतरावं लागतं. त्यांच्यासाठी जमिनीवरचा वेगळा, उभं राहता येईल असा तंबू आणि दोन उंच खाटा घ्या. त्याचं वजन वरच्या हिशेबात धरा.

कागदपत्रांसाठी छोट्या ट्रेलरची राष्ट्रीय नियमावली, व्हीएसबी1, आधी पूर्ण वाचा: रुंदीची 2.5 मीटरची मर्यादा, दिवे, सेफ्टी चेन, ड्रॉबारची ताकद, वजनाची पाटी, सगळं त्यात आहे. घरी बांधलेल्या ट्रेलरच्या नोंदणीची रीत राज्यागणिक वेगळी असते, म्हणून लोखंड कापण्याआधी व्हिकरोड्सला, म्हणजे व्हिक्टोरियाच्या वाहन नोंदणी कार्यालयाला, विचारून घ्या.

जुलैत जायचं तर ट्रेलर एप्रिलपर्यंत रस्त्यावर यायला हवा. पहिली फेरी व्हिक्टोरियाच्या डोंगराळ हाय कंट्रीतल्या खडीच्या रस्त्यांवर, पूर्ण भरून. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट, यू-बोल्ट आणि शॉकचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, घरी आल्यावर पुन्हा, आणि ड्रॉबारचा प्रत्येक सांधा टॉर्चच्या उजेडात बघा. वजनाचा कागद आणि चॅसीचा आराखडा तयार झाला की मापांसकट इथे टाका. वेल्ड मारण्याआधी मी तो नीट बघून सांगतो.